करवतीची पाती, लाकूडकामाची

लाकूड तंतूंच्या दिशेने चिरण्यासाठी किंवा तंतूंना आडवे कापण्यासाठी यंत्रावर अगर हातकरवतीत वापरण्यात येणाऱ्या दातेरी पोलादी पट्टीस वा चकतीस करवतीचे पाते म्हणतात. पट्टीच्या रूपातील पाते हातकरवतीत व पट्टा करवतीत, तर चकतीच्या रूपातील पाते चक्री करवतीत वापरतात. सुतारकामाच्या लहानमोठ्या कारखान्यांत आज सर्वाधिक वापर चक्री पात्यांचा होतो, म्हणून प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्यांचाच विचार केला आहे. बाजारात एकाच व्यासाच्या आणि तितकेच दाते असलेल्या दोन चक्री पात्यांच्या किमतींत पाचपट व क्वचित दहापटही फरक आढळतो. वरवर पाहता दोन्ही सारखीच दिसतात आणि नवी असताना दोन्ही बऱ्यापैकी कापतात. हा किमतीतील फरक कोठून येतो, तो कोणत्या कामात भरून निघतो व कोणत्या कामात वाया जातो, हे समजणे कारागिराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे; कारण पात्याच्या निवडीवर कापाची सफाई व लाकडाची बचत तर अवलंबून असतेच, पण काम करणाऱ्याच्या हाताची सुरक्षितताही काही अंशी अवलंबून असते.

इतिहास : प्राचीन ईजिप्तमध्ये तांब्याच्या करवती वापरात होत्या. मऊ धातूचे पाते ढकलताना वाकत असल्याने त्या ओढून कापीत. लोखंड व पुढे पोलाद उपलब्ध झाल्यावर पाते पातळ, ताठ व दीर्घकाळ धार धरणारे करता येऊ लागले. इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन हंट्समन यांनी मुशीतील पोलादाची पद्धत प्रचारात आणली. तिच्यामुळे एकजिनसी पोलाद मिळू लागले व शेफील्ड हे करवतींच्या निर्मितीचे मोठे केंद्र बनले. साउदॅम्प्टन येथील सॅम्युएल मिलर यांनी १७७७ मध्ये घेतलेल्या एकस्वात चक्री करवतीचा उल्लेख आहे. पट्टा करवतीचे एकस्व विल्यम न्यूबेरी यांनी १८०८ मध्ये घेतले. परंतु पट्ट्याची टोके टिकाऊपणे जोडण्याची रीत सापडेपर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, ती व्यवहारात फारशी आली नाही. कॅलिफोर्नियातील नेथन स्पॉल्डिंग यांनी १८६१ मध्ये चकतीच्या गोलसर खाचांत बदलता येणारे दाते बसविण्याची पद्धत शोधली. दाता झिजला की पाते टाकून न देता केवळ दाता बदलावयाचा, ही कल्पना तेव्हापासून रूढ झाली.

चक्री पात्याच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा म्हणजे टंगस्टन कार्बाइडाचा उपयोग. जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी १९२३ मध्ये टंगस्टन कार्बाइडाची भुकटी कोबाल्टाच्या साहाय्याने घट्ट बांधण्याच्या कृतीचे एकस्व घेतले आणि क्रुप कंपनीने ते द्रव्य ‘विडिया’ या नावाने १९२० नंतरच्या दशकातच बाजारात आणले. ‘हिऱ्यासारखे’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून हे नाव पडले. आरंभी धातुकामापुरते मर्यादित असलेले हे द्रव्य दुसऱ्या महायुद्धानंतर लाकूडकामातही आले. प्लायवुड, लाकडाच्या तुकड्यांचे दाबफळे व तंतुफळे यांचा प्रसार हे त्याचे प्रमुख कारण होय. या फळ्यांतील कठीण झालेला चिकट पदार्थ अपघर्षकाप्रमाणे काम करतो व साध्या पोलादाच्या दात्यांची धार अल्पावधीत घालवितो.

रचना : आधुनिक चक्री पात्याचे तीन भाग असतात : (१) पोलादी चकती, (२) तिच्या घेरावरील प्रत्येक दात्याच्या टोकाशी बसविलेला कार्बाइडाचा तुकडा व (३) या दोहोंना जोडणारी झाळ. स्वस्त व महाग पात्यांतील बहुतेक सर्व फरक या तीन भागांत आणि धार लावण्याच्या कामात सापडतात.

चकती : चकतीसाठी सु. ०·७ ते ०·८ टक्के कार्बन असलेले व बहुधा थोडे क्रोमियम मिसळलेले पोलाद वापरतात. त्यावर उष्णता संस्करण करून कठिनता रॉकवेल सी मापप्रमाणावर साधारणतः ४० ते ४५ राखतात. पोलाद याहून मऊ राहिल्यास चकती भाराखाली वाकते. फार कठीण झाल्यास ठिसूळ बनते. स्वस्त पात्याची चकती पुष्कळदा पत्र्यातून दाबयंत्राने छाटून काढलेली असते. या छाटणीमुळे पोलादात विषम अंतर्गत प्रतिबले राहून जातात व पाते तापले की ती चकतीस वेडीवाकडी करतात. महाग पात्याची चकती लेसर किरणाने कापून, नंतर दोन्ही बाजूंनी घासून सपाट करतात.

यानंतरची कृती ताण देण्याची होय. ही कृती डोळ्यांना दिसत नाही. परंतु पात्याची खरी गुणवत्ता बऱ्याच अंशी तिच्यावर ठरते. कापताना सर्वाधिक उष्णता दात्यांपाशी निर्माण होते. त्यामुळे चकतीचा घेर मधल्या भागापेक्षा अधिक तापतो व प्रसरण पावू पाहतो. मधला थंड भाग त्यास तसे करू देत नाही. घेर दाबाखाली येऊन लाटेप्रमाणे डावीउजवीकडे वळतो व पाते डुलू लागते. हे टाळण्यासाठी चकतीच्या मध्यत्रिज्येच्या आसपासचा कंकणाकृती पट्टा दोन रुळांमध्ये दाबून किंवा हातोड्याने ठोकून किंचित ताणून घेतात. मधला भाग पसरल्याने घेरावर आधीच ताण पडून राहतो. पुढे उष्णतेने घेर वाढला तरी प्रथम हा ताण कमी होतो व चकती सपाटच राहते. पूर्वी हे काम अनुभवी कारागीर सरळ पट्टी व हातोडा घेऊन करीत. आता मोठ्या कारखान्यांत ते यंत्राने होते. स्वस्त पात्यात ही कृती वगळलेली किंवा घाईने उरकलेली असते. म्हणूनच असे पाते पहिल्या काही कापांत चांगले वाटते, पण सलग काम करून तापल्यावर त्याचा काप वाकडा व खडबडीत होऊ लागतो.

घेरापासून आत जाणाऱ्या अरुंद खाचा प्रसरणास वाव देतात. चकतीच्या अंगावर लेसराने कोरलेल्या व कधी राळेसारख्या पदार्थाने भरलेल्या नागमोडी चिरा कंपने शोषून आवाज कमी करतात. या खाचा स्वस्त पात्यांवरही दिसतात. परंतु केवळ खाचा असणे हे ताण दिल्याचे गमक नव्हे.

कार्बाइड : टंगस्टन कार्बाइड हे एकच द्रव्य नसून तो द्रव्यांचा एक गट आहे. कार्बाइडाचे कण जितके बारीक तितकी धार अधिक तीक्ष्ण करता येते व ती अधिक काळ टिकते. बंधक कोबाल्टाचे प्रमाण वाढविल्यास द्रव्य चिवट होते, पण लवकर झिजते. कमी केल्यास कठीण होते, पण धक्क्याने उडते. महाग पात्यांचे निर्माते चिरण्याच्या, आडव्या कापाच्या व दाबफळ्यांच्या पात्यांसाठी वेगवेगळी मिश्रणे वापरतात. स्वस्त पात्यांत बहुधा एकच मध्यम मिश्रण सर्वत्र योजलेले असते. शिवाय तुकड्यांचा आकार लहान व जाडी कमी असते. याचा परिणाम नव्या पात्यात जाणवत नाही, तर ते पुन्हा धारेला लावताना जाणवतो. प्रत्येक वेळी धार लावताना एक-दोन दशांश मिमी. कार्बाइड घासून जाते. म्हणून जाड तुकड्याच्या पात्यास अनेकदा धार लावता येते, तर पातळ तुकड्याचे पाते एकदोन वेळांनंतर टाकून द्यावे लागते.

लाकडाच्या जातीचाही येथे विचार करावा लागतो. सागाच्या लाकडात सिलिकेचे कण असतात व ते दात्यांची धार बोथट करतात. त्यामुळे चंद्रपूर–गडचिरोली भागातील साग कापणाऱ्या सुतारास कार्बाइडाच्या प्रतीतील फरक पाइन कापणाऱ्यापेक्षा लवकर जाणवतो. ओल्या ओक लाकडातील टॅनिक अम्ल कोबाल्ट बंधकावर रासायनिक क्रिया करून धार पोखरते. लाकूड चिरण्याच्या गिरण्यांत रुंद पट्टा करवतीच्या दात्यांवर कार्बाइडाऐवजी स्टेलाइट या कोबाल्ट–क्रोमियम मिश्रधातूचे टोक चढविण्याची पद्धत आहे. ते कार्बाइडापेक्षा मऊ असले, तरी अधिक चिवट असते. याउलट लॅमिनेट चढविलेल्या फळ्या सतत कापणाऱ्या मोठ्या कारखान्यांत बहुस्फटिकी हिऱ्याचे टोक असलेली पाती वापरतात. त्यांची किंमत कार्बाइडाच्या पात्यांच्या कित्येक पट असते.

झाळ : कार्बाइडाचे उष्णतेमुळे होणारे प्रसरण पोलादाच्या निम्म्याच्या आसपास असते. त्यामुळे तापविलेला जोड थंड होताना दोहोंमध्ये मोठे प्रतिबल निर्माण होते. चांगल्या पात्यात रुप्याच्या मिश्रधातूची झाळ वापरतात आणि काही पात्यांत रुप्याच्या झाळेच्या दोन थरांमध्ये तांब्याचा पातळ पत्रा ठेवतात. हे मऊ तांबे प्रतिबल तसेच गाठीवर दाता आदळल्याचा धक्का सोसते. झाळ अपुरी वा पोकळ राहिल्यास दात्याचा तुकडा सुटतो. गोळीप्रमाणे वेगाने उडालेला असा तुकडा डोळ्यास कायमची इजा करू शकतो. शिवाय तो सुटल्यावर पुढच्या दात्यावर दुप्पट भार पडून तोही निखळण्याची शक्यता असते. [⟶ झाळकाम व डाखकाम].

धार : कार्बाइडास धार हिऱ्याच्या भुकटीच्या चाकावर लावतात. महाग पात्यांवर क्रमाक्रमाने बारीक होत जाणारी चाके वापरल्याने दात्याच्या पृष्ठावर घासल्याचे ओरखडे जवळजवळ दिसत नाहीत. स्वस्त पात्यावर ते भिंगाने व पुष्कळदा नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. प्रत्येक ओरखडा धारेशी येऊन सूक्ष्म करवंडीसारखा संपतो व तेथूनच कार्बाइड उडण्यास सुरुवात होते. सर्व दात्यांची उंची व बाजूंची बाहेर आलेली जाडी समान असणे हेही तितकेच आवश्यक आहे. चाळीस दात्यांपैकी दोन दाते बाकीच्यांपेक्षा थोडे अधिक बाहेर असल्यास कापाच्या भिंतीवर तेच दोन दाते रेघा ओढतात. उरलेल्या अडतीस दात्यांची सफाई वाया जाते.

दात्यांची संख्या व आकार : पात्याची प्रत आणि पात्याचा प्रकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांत गल्लत केल्याने महाग पाते घेऊनही काम बिघडते. २५४ मिमी. व्यासाच्या पात्यास चिरण्यासाठी साधारणतः २४ दाते, सर्वसाधारण कामासाठी ४० ते ५० आणि आडवा काप, प्लायवुड व लॅमिनेट यांसाठी ६० ते ८० दाते असतात. उभे चिरताना लांब व जाड भुसा निघतो. तो सामावण्यासाठी दात्यांमध्ये खोल घळी लागतात. ८० दात्यांच्या पात्याने जाड फळी चिरल्यास घळी भुशाने भरतात, घर्षण वाढते व लाकूड करपते. २४ दात्यांच्या पात्याने प्लायवुड कापल्यास वरचा पापुद्रा फाटतो.

हे गणिताने स्पष्ट करता येते. २५४ मिमी. व्यासाचे पाते मिनिटास ४,००० फेरे करीत असल्यास त्याच्या घेराचा वेग सेकंदास सु. ५३ मी. होतो. लाकूड मिनिटास ६ मी. या वेगाने पुढे सरकविले, तर २४ दात्यांच्या पात्याचा प्रत्येक दाता सु. ०·०६ मिमी. जाडीचा थर काढतो. ८० दात्यांच्या पात्याचा दाता ०·०२ मिमी.पेक्षाही पातळ थर काढतो. थर फार पातळ झाला की दाता कापण्याऐवजी घासू लागतो, तापतो व लवकर बोथट होतो. म्हणून अधिक दाते म्हणजे अधिक चांगले पाते, हा समज चुकीचा आहे.

दात्यांच्या टोकाचे तीन आकार मुख्य आहेत. सपाट माथ्याचे दाते चिरण्यास योग्य असतात व कापाचा तळ चौकोनी ठेवतात. आलटून पालटून डावीउजवीकडे उतरते केलेले दाते सुरीप्रमाणे तंतू तोडतात, त्यामुळे आडवा काप स्वच्छ येतो. एक उंच कोपरे छाटलेला व एक सपाट अशा जोडीचे दाते लॅमिनेट व दाबफळ्यांत अधिक टिकतात. दात्याचा पुढे झुकण्याचा कोन चिरण्याच्या पात्यात सु. २०° असतो व असे पाते लाकूड आपल्याकडे ओढून घेते. ज्या यंत्रांत पातेच लाकडावर ओढून आणतात, तेथे हा कोन शून्याच्या आसपास किंवा ऋण ठेवतात. अन्यथा पाते लाकडावर चढून कारागिराच्या अंगावर येते.

कापाची रुंदी : कार्बाइडाचे तुकडे चकतीपेक्षा दोन्ही बाजूंस किंचित बाहेर असतात. त्यांच्या जाडीएवढे लाकूड भुसा होऊन जाते. २५४ मिमी. व्यासाच्या नेहमीच्या पात्याचा काप सु. ३·२ मिमी. व अरुंद कापाच्या पात्याचा सु. २·४ मिमी. असतो. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण महाग लाकडात तसा नसतो. ३०० मिमी. रुंदीच्या सागवानी फळीतून २५ मिमी.च्या पट्ट्या काढावयाच्या असल्यास ३·२ मिमी. कापाने १० पट्ट्या निघतात. अकरावी पट्टी काढण्यास ३०७ मिमी. रुंदी लागली असती. २·४ मिमी. कापाने २९९ मिमी.मध्ये ११ पट्ट्या बसतात. म्हणजे तेवढ्याच सागातून एक पट्टी अधिक मिळते. अर्थात फळीच्या कडा आधीच सरळ केलेल्या असल्या पाहिजेत आणि पाते डुलता कामा नये. अरुंद कापाच्या पात्याची चकती पातळ असल्याने ताण न दिलेले स्वस्त पाते येथे सर्वांत अधिक धोका देते : डुलणाऱ्या पात्याचा प्रत्यक्ष काप त्याच्या दात्यांच्या जाडीपेक्षा रुंद होतो व बचत नाहीशी होते. कमी शक्तीच्या चलित्रावर मात्र चांगले अरुंद पाते उपकारक ठरते, कारण त्यास कमी लाकूड काढावे लागते.

खर्चाचा हिशोब : पात्याची तुलना खरेदीच्या किमतीवरून न करता कापलेल्या लांबीमागे पडणाऱ्या खर्चावरून करावी. उदाहरणादाखल, स्वस्त पात्याची किंमत ६०० रु. धरू, त्यास पुन्हा धार लावता येत नाही व बोथट होईपर्यंत ते जितकी लांबी कापते तीस एक एकक मानू. महाग पात्याची किंमत ४,००० रु. असून ते एका धारेत अडीच एकके कापते आणि त्यास प्रत्येकी ५०० रु. खर्चून पाच वेळा धार लावता येते, असे समजू. महाग पाते संपेपर्यंत एकूण खर्च ६,५०० रु. व काम १५ एककांचे होईल. म्हणजे दर एककास सु. ४३३ रु. पडतील. स्वस्त पात्यास तेच ६०० रु. पडतात. परंतु ज्याचे एकूण काम तीन एककांचेच आहे, त्यास स्वस्त पाती १,८०० रु.त पुरतील व महाग पात्यावर ४,५०० रु. गुंतवावे लागतील. या उदाहरणात दोन्ही खर्च सु. नऊ-दहा एककांच्या कामाशी समान होतात. हे आकडे गृहीत असून प्रत्येकाने आपल्या गावातील किमती घालून ते बदलून घ्यावेत. हिशोबाची रीत मात्र हीच राहते.

या हिशोबात दोन गोष्टी सहसा निसटतात. पहिली, महाग पात्याचा काप पुरेसा स्वच्छ आल्यास रंधा मारण्याचे वा घासण्याचे काम वाचते. कपाट व दरवाजे बनविणाऱ्या सुतारास ही मजुरीची बचत पात्याच्या किमतीपेक्षा मोठी असू शकते. दुसरी, कार्बाइडास नीट धार लावणारे हिऱ्याच्या चाकाचे यंत्र जवळपास उपलब्ध असले पाहिजे. ते नसल्यास किंवा अकुशल हाताने कोन बिघडविल्यास पुनःपुन्हा धार लावण्याजोगे पाते घेण्याचा मुख्य फायदाच उरत नाही.

योग्य निवड : स्वस्त पाते सर्वत्र त्याज्य नाही. काँक्रीटच्या साच्यांच्या फळ्या, जुन्या इमारतीतून निघालेले लाकूड, खोक्यांचे व तात्पुरते काम यांत खिळा, वाळू किंवा सिमेंटचा कण लागण्याचा संभव नेहमीच असतो. खिळ्यावर आदळलेल्या दात्याची हानी पात्याची किंमत पाहून होत नाही. उलट अतिकठीण कार्बाइड अशा वेळी आधी उडते. तेथे साधे पाते वापरून झिजल्यावर टाकणेच योग्य. नवशिक्यानेही सरावाच्या काळात मध्यम किमतीचे पाते वापरावे. सागवानी व शिसवी फर्निचर, लाकडी पापुद्र्याचे प्लायवुड, लॅमिनेट आणि दृश्य जोडकाम यांसाठी मात्र चांगले पाते घेणे अंती स्वस्त पडते. एका ऐवजी दोन चांगली पाती, एक चिरण्याचे व एक बारीक कापाचे, ठेवल्यास दोन्हींचे आयुष्य वाढते. तसेच यंत्राचा आसच खेळत असेल किंवा आधारपट्टी पात्याशी समांतर नसेल, तर उत्तम पातेही लाकूड करपविते. अशा वेळी आधी यंत्र दुरुस्त करावे.

हातकरवतीबाबत हा प्रश्न थोडा निराळा आहे. आजच्या बहुतेक स्वस्त हातकरवतींचे दाते विद्युत् प्रवर्तनाने क्षणभर तापवून कठीण केलेले असतात. ते दीर्घकाळ टिकतात, परंतु कानशीने त्यांना धार लावता येत नाही. जुन्या पद्धतीच्या महाग करवतीचे पाते पाठीकडे पातळ होत गेलेले असते, त्यामुळे दाते फार वाकवावे न लागता ती कापात मोकळी चालते आणि तिकोनी कानशीने तिला पिढ्यान्‌पिढ्या धार लावता येते. ज्यास धार लावता येते त्याच्यासाठीच ती अधिक किमतीची ठरते. [⟶ करवत].

सुरक्षितता : बोथट पाते धारदार पात्यापेक्षा अधिक धोकादायक असते. ते लाकूड कापण्याऐवजी घासते. कारागीर अधिक जोर लावतो व लाकूड एकाएकी सुटले की हात पात्याकडे जातो. टेबलावरील करवतीत पात्याच्या मागच्या बाजूचे दाते वर येत असतात. चिरलेले लाकूड मिटून त्यांना चिकटल्यास ते कारागिराच्या अंगावर जोराने फेकले जाते. हे रोखण्यासाठी पात्यामागे एक पोलादी पाचर-पट्टी बसविलेली असते. तिची जाडी चकतीपेक्षा अधिक व कापाच्या रुंदीपेक्षा कमी असावी लागते. यंत्राच्या जाड पाचर-पट्टीपुढे अरुंद कापाचे पाते बसविल्यास लाकूड अडते. मग पुष्कळ जण पट्टीच काढून टाकतात. असे करणे टाळून पट्टीशी जुळणारे पाते निवडावे.

पात्यावर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा ही सूचना नसून मर्यादाच होय. फिरत्या चकतीतील प्रतिबल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मिनिटास ७,००० फेऱ्यांसाठी बनविलेले पाते ११,००० फेऱ्यांच्या यंत्रावर बसविल्यास त्यातील प्रतिबल सु. अडीचपट होते. आपल्याकडे फरशी व संगमरवर कापण्याचे हातयंत्र लाकडी पाते लावून वापरण्याची प्रथा सुतारांत फार रूढ आहे. हे यंत्र मिनिटास १२,००० च्या आसपास फेरे करते. म्हणजे ११० मिमी. व्यासाच्या पात्याच्या घेराचा वेग सेकंदास सु. ६९ मी. होतो. त्यास पाचर-पट्टी नसते व लाकडाच्या भुशाचा विचार करून केलेले आवरणही नसते. घासण्याच्या कोनी यंत्रावर लाकडाचे दातेरी पाते लावणे तर त्याहून घातक आहे, कारण त्यास लाकडावर टेकण्याची तळपट्टीच नसते; दाता अडकताच सर्व यंत्र उसळते. झाळ कच्ची असलेले स्वस्त पाते व असे यंत्र यांची जोडी बोटे गमावण्याच्या अपघातांना आमंत्रण देते. पात्यावर वाचविलेले काही शे रुपये येथे कोणत्याही हिशोबात बसत नाहीत. महाग पाते घेतल्यानेही अयोग्य यंत्र सुरक्षित होत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. लाकडाच्या बारीक धुळीस आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्कजनक द्रव्यांत समाविष्ट केले आहे. म्हणून कोणतेही पाते वापरताना डोळ्यांबरोबर नाकातोंडाचेही संरक्षण करावे.

पारख व निगा : खरेदीच्या वेळी पुढील गोष्टी पाहाव्यात : व्यास, आसाच्या छिद्राचे माप, कापाची रुंदी, चकतीची जाडी व फेऱ्यांची मर्यादा ही सर्व पात्यावर कोरलेली आहेत किंवा नाहीत, कार्बाइडाचे तुकडे सारख्या आकाराचे असून सर्व खाचांत एकसारखे बसले आहेत किंवा नाहीत, झाळेत छिद्रे वा गोळे आहेत काय, सरळ पट्टी टेकविली असता चकती सपाट आहे काय. छिद्र आसावर सैल बसत असल्यास पाते घेऊ नये. रंग, चकाकी व चिकट न धरणारा लेप यांवरून पात्याची प्रत ठरत नाही. पाते बसविल्यावर विजेची जोडणी काढून ते हाताने फिरवावे व दात्यांलगत लाकडी काडी धरून ते किती डुलते ते पाहावे.

लाकडातील राळ दात्यांवर साचली की पाते बोथट झाल्याचा भास होतो. अशा वेळी ते धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून पितळी तारांच्या कुंचल्याने साफ करावे, कोरडे करून तेलाचा हात द्यावा. एवढ्यानेही पुष्कळदा धार लावण्याचा खर्च काही काळ पुढे ढकलता येतो. कापास अधिक जोर लागणे, कडा फाटणे, आवाज बदलणे ही बोथटपणाची लक्षणे दिसताच धार लावून घ्यावी. पुढे रेटून वापरल्यास धारेचा अधिक भाग गोलावतो व ती पूर्ववत करण्यास अधिक कार्बाइड घासावे लागते. त्यामुळे पात्याचे एकूण आयुष्य घटते. पाती एकमेकांवर न रचता खुंटीवर वेगवेगळी टांगावीत, कारण कार्बाइड कार्बाइडावर आपटल्यास उडते. वेळेवर साफ केलेले व योग्य यंत्रावर चालविलेले मध्यम प्रतीचे पाते हेळसांड झालेल्या उंची पात्यापेक्षा अधिक काम देते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.